दोन झोळ्या घेऊन नर्मदेकाठी

कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरच्या घाटावर मराठी जोडपी दिसायला लागतात. बरीचशी साठीच्या आसपासची. नोकरी संपलेली, मुलं मार्गी लागलेली, आणि गुडघे साथ देतायत तोवर नर्मदामैयाची परिक्रमा एकदा पायी करून यावी असं कितीतरी वर्षं मनात धरून आलेली. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचं परिक्रमेवरचं पुस्तक, यांतलं एखादं तरी दोघांनी वाचलेलं असतं. त्या पुस्तकांनी ओढ लावली, आता चालायचं आहे. पण पाच-सहा महिने दिवसरात्र एकमेकांच्या सोबतीनं चालायचं तर नवरा-बायकोनं घरातूनच काही गोष्टी ठरवून निघावं लागतं. त्या ठरल्या नसतील तर शंभर-दीडशे किलोमीटरमध्येच पायांआधी मनं दुखायला लागतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जोडीनं जाताना एकानं दुसऱ्याला घेऊन जाऊ नये. दोन पुरते परिक्रमावासी एकाच घाटावरून निघावेत. प्रत्येकाची झोळी वेगळी, पैसे वेगळे, कागदपत्रं वेगळी, आणि वाटेची माहिती दोघांना सारखीच. आपल्याकडे प्रवासात बहुधा तिकिटं आणि पैसे नवऱ्याच्या खिशात असतात, औषधं आणि खाऊ बायकोच्या पिशवीत. चार दिवसांच्या सहलीत ते चालून जातं. इथे एका फाट्यावर चुकामूक झाली की एकाकडे नुसते पैसे राहतात आणि दुसऱ्याकडे नुसती रक्तदाबाची गोळी.

आधी वाटेचा अंदाज घेऊ. नर्मदेची लांबी अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत 1312 किलोमीटर. दोन्ही तट मिळून सव्वीसशेच्या वर होतात. धरणांचे जलाशय, तुटलेल्या कडा, उपनद्यांचे संगम यांना वळसे घालत चालणाऱ्याचं अंतर तीन हजारांच्या आसपास किंवा पुढेही जातं. नियम दोनच महत्त्वाचे: नदी सदैव उजव्या हाताला, आणि नदी ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून उचललेली परिक्रमा दक्षिण तटानं पश्चिमेकडे समुद्रापर्यंत जाते, तिथे नावेतून, समुद्रातून, उत्तर तटावर येते, मग पूर्वेकडे अमरकंटकपर्यंत चढते, उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटानं ओंकारेश्वरला पोचते. शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. तीत चातुर्मासात एका जागी मुक्काम असतो. आता बहुतेक जण रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालून एकाच हंगामात ती पूर्ण करतात.

वीस किलोमीटरच्या हिशोबानं, अधूनमधून विश्रांती धरून, साडेपाच महिने मोजा. नोव्हेंबरच्या मध्यावर निघालात तर डिसेंबर सरता सरता समुद्र, मार्चच्या सुरुवातीला अमरकंटक, आणि नर्मदापुरम, हंडिया असा शेवटचा टप्पा एप्रिलच्या उन्हात. सुरुवातीला केलेला प्रत्येक दिवसाचा उशीर शेवटी चाळीस अंशांच्या उन्हात फेडावा लागतो, आणि त्या वेळी शरीर सर्वांत थकलेलं असतं. म्हणून घरात लग्न आहे, वास्तुशांत आहे, जानेवारीत निघू, असं चाललं असेल तर त्या वर्षी जाऊ नका. पुढच्या कार्तिकाची वाट बघा.

किंवा खंड परिक्रमा करा. एका वर्षी महिनाभर चालायचं, जिथे थांबलो ती जागा नोंदवून ठेवायची, पुढच्या वर्षी तिथूनच उचलायचं. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली पहिल्यांदा निघाले ते असेच तुकड्यातुकड्यांनी, आणि उतारवयात पत्नी कांता यांच्यासह ते पुन्हा काठानं चालले. अशी परिक्रमा कमी प्रतीची, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी सहमत नाही. दोघांपैकी एकाची नोकरी चालू असेल, घरात वृद्ध आई-वडील असतील, तर जोडप्यासाठी हाच मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. एकाची ओढ आणि दुसऱ्याची काळजी अशी ओढाताण पाच महिने पाठीवर घेऊन चालण्यात काही पुण्य नाही.

निघण्यापूर्वी

पेन्शनर असाल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि निघण्याची वेळही तीच. एकादशी महिन्याच्या अखेरीस असेल तर दाखला देऊनच निघा. लवकर असेल तर बँकेत आधी चौकशी करा, ऑनलाइन सोय लावून ठेवा. दोघांचीही पेन्शन असेल तर दोघांचे दाखले. विम्याचे हप्ते, वीजबिल, सोसायटीची वर्गणी कुणाकडे, हे लिहून त्या माणसाच्या हातात द्या. मृत्युपत्र करून ठेवा, असं सांगितलं की काही जणांना अशुभ वाटतं. मला तसं वाटत नाही. इतक्या लांब निघालेल्या माणसाचं मागचं घर नीट लावलेलं असावं.

तब्येतीच्या तपासण्या दोघांच्या एकाच वेळी आणि एकाच डॉक्टरसमोर करा. डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनी ऐकलेलं असलं की वाटेत लपवालपवी होत नाही. दात तपासून घ्या. झाडीत दाढ ठणकायला लागली तर इलाज नसतो. मधुमेह असेल तर लक्षात घ्या की काठावर दर दोन-तीन किलोमीटरला कुणीतरी प्रेमानं गोड चहा पुढे करतं, आणि ताटात भात, टिक्कड म्हणजे जाड रोट्या, बटाटा यांचाच भर असतो. नाही म्हणण्याची सवय करावी लागेल. जोडीदाराची साखर उतरली तर चेहऱ्यावर, बोलण्यात काय दिसतं हे दुसऱ्याला माहीत हवं, आणि खडीसाखर दोघांच्याही खिशात हवी.

सरावाचं म्हणाल तर रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारून काही कळत नाही. पाठीवर भरलेली झोळी घेऊन सलग तीन दिवस वीस-वीस किलोमीटर चाला. पहिला दिवस उत्साहात जातो, दुसरा हट्टानं. तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट समजते. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही एकमेकांशी कसे बोलता हेही ऐका. वारीचा अनुभव असेल तर उत्तमच, पण वारीत दिंडी असते, सामानाचा ट्रक असतो, पुढेमागे हजारो माणसं असतात. नर्मदेकाठी कित्येक तास तुम्हा दोघांशिवाय कुणी दिसत नाही. नदीकाठच्या चालण्याची चव घ्यायची असेल तर आधी चैत्रात गुजरातमध्ये रामपुरा-तिलकवाडा परिसरात होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसात करून या. तिथेही गर्दी असते, पण नदीकाठची वाळू, चढउतार आणि ऊन काय असतं ते पायांना समजतं.

झोळी कितीची असावी? प्रत्येकी सहा-सात किलोंच्या वर नको. कपड्यांचे दोन जोड, पांघरूण, पातळ अंथरूण, पंचा, विजेरी, ताट-वाटी-पेला, जलाची कुपी, पूजेचं थोडकं साहित्य, औषधं. एक छोटं पातेलं आणि तवा दोघांत एक पुरतो. या सामायिक वस्तू सोडल्या तर बाकी सगळं दुहेरी घ्या: विजेरी दोन, क्षारसंजीवनीची पाकिटं दोन्हीकडे, आधारच्या प्रती आणि फोटो दोन्हीकडे, घरच्यांचे नंबर कागदावर लिहून दोन्हीकडे. संकल्पाच्या वेळी नर्मदाजलाची कुपीही प्रत्येकानं आपापली भरावी. पुढे कारणानं वेगळं व्हावं लागलं तर दोघांचीही परिक्रमा आपापल्या झोळीत शाबूत राहते.

बूट एक नंबर मोठे. दिवसभर चालून पाय सुजतात आणि नवे बूट फोड आणतात. ते निघण्याआधी दोन महिने वापरून मऊ करा. अनवाणी चालण्याचा संकल्प काही जण करतात. तुमची श्रद्धा तशी असेल तर मी मोडता घालणार नाही, पण दोघांपैकी एकाला मनातून नको असेल तर केवळ जोडीदारानं केला म्हणून तो संकल्प करू नये.

कुणाच्या चालीनं चालायचं

जोडीची परिक्रमा बिनसते ती बहुतेक वेळा चालीवरून. नवरा-बायकोची चाल क्वचितच सारखी असते. वेगवान माणूस पुढे जाऊन थांबतो, पाच मिनिटं बसतो, मागचा येऊन पोचला की लगेच उठतो. पुढच्याला दिवसभरात वीस वेळा विश्रांती मिळते, मागच्याला एकदाही नाही. संध्याकाळी पुढचा म्हणतो, आज फार चालणं झालं नाही. मागच्याच्या डोळ्यांत पाणी असतं. हे मी इतक्या जोडप्यांत पाहिलं आहे की याबद्दल हात जोडून सांगते: ज्याची चाल सावकाश, त्याला पुढे ठेवा. पुढच्यानं वळून पाहू नये, मागच्यानं टाचेवर येऊ नये. विश्रांती मागच्यानं मागायची नाही. पुढचा थांबेल तेव्हा थांबायचं आणि तो उठेल तेव्हा उठायचं.

काही जोडप्यांना हे जमत नाही. वेगवान पायांना सावकाश चालणं खरोखरच दुखतं. मग वेगळे चाला, त्यात वाईट काही नाही. पण एक नियम कडक पाळा. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक गावाच्या वेशीवर पुढच्यानं थांबायचं, मागचा नजरेस पडेपर्यंत. ‘सरळच तर आहे’ असं म्हणून पुढे जायचं नाही, कारण शेतांतून जाणारी वाट सरळ नसते. गव्हाला पाणी दिलेलं असतं, बांध फुटलेला असतो, काल गेलेल्यानं जो रस्ता धरला तो आज चिखलात असतो. दोघांकडे फोन असला तरी रेंज नसते. रोज सकाळी निघण्याआधी रात्रीच्या मुक्कामाचं नाव दोघांनी मोठ्यानं म्हणा, वाटेतल्या दोन गावांसकट. चुकामूक झालीच तर ठरलेल्या मुक्कामाला पोचायचं, उलट फिरून शोधत बसायचं नाही. उलट फिरलं की शोधणारे दोघे होतात आणि सापडणारं कुणीच उरत नाही.

दिवसाचे निर्णय कुणी घ्यायचे, हाही प्रश्न आहे. इथेच थांबू की पुढच्या आश्रमापर्यंत जाऊ, काठानं जाऊ की सडकेनं, चहाला थांबायचं का. असे बारीकसारीक निर्णय रोज तीसचाळीस. माझा सल्ला, पाळी लावा. एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा. ज्याचा दिवस, त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्यानं संध्याकाळी ‘मी सांगत होते’ असं म्हणायचं नाही. याला अपवाद एकच: अंगात त्राण नाही, चक्कर येते, पाय मुरगळला, असं कुणीही म्हणालं की त्या क्षणी चालणं थांबतं. त्यावर चर्चा नाही.

दुपारी चार-पाचच्या आत आसन लावलेलं असावं. अंधारात दोघांनी चालायचं धाडस करू नका, सोबत आहे म्हणून तर मुळीच नको.

आश्रमात

आश्रमात पोचलं की ‘नर्मदे हर’ म्हणायचं. ‘कितनी मूर्ती?’ असं विचारतील, ‘दो मूर्ती’ असं उत्तर द्यायचं आणि दाखवतील तिथे आसन लावायचं. बहुतेक ठिकाणी बायकांची झोपण्याची जागा वेगळी असते, आणि परिक्रमेत ब्रह्मचर्याचा नियम आहेच. साधूंच्या काही कुट्यांत बायकांना रात्री राहता येत नाही. तिथे नाराज न होता जवळच्या गावात देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर जागा विचारा. जोडप्याला गावकरी सहसा परतवत नाहीत. तिला माताराम आणि त्याला बाबाजी म्हणून हाक मारतील, पाय धुवायला पाणी देतील.

काही आश्रमांत भोजनप्रसादी तयार मिळते, काही ठिकाणी सदाव्रत: पीठ, तांदूळ, डाळ, मीठ-मिरची देतात आणि स्वयंपाक तुम्ही करायचा. मला या लेखात सर्वांत जास्त जे सांगायचं आहे ते इथे सांगते. दिवसभर दोघेही सारखंच चाललेले असतात. झोळी सारखीच वाहिलेली असते. मग आश्रमात पोचल्यावर बाबाजी महाराजांशी सत्संग करत बसतात आणि माताराम धुरात डोळे चोळत चूल फुंकते, हे दृश्य मला फार खटकतं. तीन दगडांच्या चुलीवर, ओल्या लाकडांवर टिक्कड भाजणं हे वीस किलोमीटर चालण्याइतकंच कष्टाचं आहे. नवऱ्यानं निघण्याआधी घरात खिचडी, पिठलं आणि जाड भाकरी किंवा टिक्कड करायला शिकावं; गॅसवर नीट जमलं की मग अंगणात चुलीवर. वाटेत एक दिवस एकानं रांधायचं, दुसऱ्यानं भांडी घासायची आणि पाणी आणायचं. दुसऱ्या दिवशी उलट. तिथल्या बायाबापड्यांना बाबाजी पीठ मळताना पाहून नवल वाटेल. वाटू द्या.

तसंच नकाशाचं आणि माणसांशी बोलण्याचं. वाट विचारणं, आश्रमात नाव नोंदवणं, परिक्रमेच्या वहीवर आश्रमाचा शिक्का घेणं, नावाड्याशी बोलणं ही कामं दोघांनी आलटून पालटून करावीत. हिंदी बोलायला लाजणाऱ्या कितीतरी बायका दोन महिन्यांत बेधडक बोलायला लागतात, पण त्यांना तो प्रसंग मिळू तरी द्यायला हवा.

पैशांबद्दल एक आग्रह. परंपरेनं परिक्रमावासी भिक्षेवर जगतो, आणि काठावरची गरीब माणसं आपल्या ताटातलं देतात. पेन्शन घेणाऱ्या जोडप्यानं नुसतं घेत राहू नये. आश्रमाच्या दानपेटीत आपल्या जेवणाइतकं तरी टाका. जिथे पैसे घेत नाहीत तिथे गावच्या दुकानातून डाळ-तांदूळ घेऊन कोठीत भर घाला.

बाईच्या शरीराच्या गोष्टींवर उघड बोललं जात नाही, म्हणून इथे बोलते. पाळी येत असेल तर त्याबाबत ठिकठिकाणच्या रीती वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी कुणी विचारत नाही, काही ठिकाणी स्वयंपाकघरात आणि देवळात येऊ देत नाहीत. ते दिवस साधारण कधी येतील ते नवऱ्यालाही माहीत हवं, आणि त्या सुमारास एखाद्या मोठ्या गावात, धर्मशाळेत दोन-तीन दिवस थांबण्याचा बेत ठेवावा. शौचाला जागा मिळत नाही म्हणून पाणी कमी पिणं हा बायकांचा नेहमीचा उपाय. त्यानं लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि ताप भरतो. पाणी प्या, आणि नवऱ्यानं आडोसा शोधण्यात, राखण करण्यात कंटाळा करू नये. चालायला सलवार-कुर्ता साडीपेक्षा बरा. हवं तर पूजेसाठी एक सुती साडी ठेवा.

रोज रात्री विजेरी घेऊन एकमेकांचे तळपाय बघा. स्वतःची टाच स्वतःला नीट दिसत नाही. फोड फुटण्याआधी दिसला तर पट्टी लावून दुसऱ्या दिवशी चालता येतं, फुटल्यावर चार दिवस जातात.

एक गोष्ट मात्र आधीपासून मनाशी धरा: पाच महिने तुम्ही सतत एकत्र असाल, पण एकांत असा मिळणार नाही. ओसरीवर दहा माणसं झोपलेली असतात. मनातलं काही बोलायचं असेल तर सकाळी बालभोग म्हणजे न्याहारी आटोपून निघाल्यावरचा पहिला तास त्यासाठी ठेवा, आणि त्यानंतरचा एक तास काही न बोलता चाला. घरच्यांना फोन आठवड्यातून ठरल्या दिवशी. मुलांच्या काळज्या रोज कानावर पडल्या तर दोघांपैकी एकाचं मन कायम घरीच राहतं.

अवघड जागा

ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं निघाल्यावर सुरुवातीची वाट सोपी आहे. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी लागते. 28 एप्रिल 1740 रोजी याच काठावर ते गेले. मराठी पावलं तिथे आपोआप थांबतात.

पहिली खरी परीक्षा बडवानीनंतर शूलपाणीच्या झाडीत. जुनी काठाची वाट आणि शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. देऊळ गोरा इथे नव्यानं बांधलं आहे. आताची वाट नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगी या भागातून डोंगरांवरून चढते-उतरते. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटत असत. आता भिल्ल आणि पावरा माणसंच तुम्हाला घरात जागा देतात. त्यांच्यातल्या कितीतरी घरांची जमीन धरणात गेली आहे, तेव्हा त्यांच्या दारात पाहुण्यासारखं नम्रपणे वागा. वाटाड्या घेतलात तर त्याला त्याचा योग्य मोबदला द्या. झाडी नको असेल तर खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा अशी सडकेची वाट आहे. कुठली धरायची हे गुडघ्यांना विचारून ठरवा. एकाला झाडीची हौस आणि दुसऱ्याचे गुडघे उतारावर दुखत असतील, तर दोघांनी सडक धरावी. तिथे कुणी परिक्रमेचं माप कमी लावत नाही.

समुद्राशी, विमलेश्वरच्या बाजूनं मिठी तलाईला जाणारी नाव भरती-ओहोटी बघून सुटते. एक-दोन दिवस थांबावं लागू शकतं, आणि नाव वेळी-अवेळी निघते. नावेत काही तास बसून राहावं लागतं आणि आडोसा नसतो, हे बायकांनी आधी लक्षात घ्यावं. उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, वर चढताना गर्दीत एकमेकांना धरून राहा, एकाच नावेत बसा, आणि लाइफ जॅकेट असेल तर ते उशाला न घेता अंगात घाला.

उत्तर तटावर आलात की नारेश्वर, गरुडेश्वर ही थांबण्यासारखी ठिकाणं. टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची, समाधी गरुडेश्वरला आहे. ते 1914 साली तिथे समाधिस्थ झाले. झाडी आणि समुद्र झाल्यावर शरीर विश्रांती मागतं. इथे किंवा पुढे महेश्वरला दोन-तीन दिवस ठरवून थांबा, कपडे धुवा, झोप काढा. थांबल्यानं चाल मोडते असं काही जण म्हणतात, मला तर थांबलेली जोडपीच पुढे टिकलेली दिसली.

नदीबद्दल श्रद्धेइतकाच धाक मनात ठेवा. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशा धरणांतून पाणी सोडलं की खाली पातळी बघता बघता चढते. 2005 च्या एप्रिलमध्ये धाराजीच्या मेळ्यात इंदिरासागरच्या पाण्यानं स्नानाला आलेले कितीतरी भाविक वाहून गेले. भोंगा वाजला, गावकऱ्यांनी हाक दिली की विचार न करता वर या. स्नान घाटावरच करा, दोघांनी एकाच वेळी पाण्यात उतरू नका. एकानं काठावर उभं राहायचं. गुजरातच्या पट्ट्यात आणि जलाशयांत मगरी आहेत. साबण, शाम्पू नदीत वापरायचा नाही. पाणी बादलीनं बाजूला नेऊन वापरा. हिरण, ओरसंग, तवा, शेर अशा उपनद्यांच्या संगमावर पाणी उथळ दिसलं तरी गाळ खोल असतो. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि वळसा सांगितला तर वळसा घ्या.

एकाला थांबावं लागलं तर

हा विषय संकल्पाच्या आदल्या दिवशीपर्यंत बोलून संपवा. वाटेत ताप, मुरगळा, घरून वाईट बातमी, यांतलं काहीही येऊ शकतं. त्या घटकेला निर्णय घ्यायला बसलं की आजारी माणसाला अपराधी वाटतं आणि धडधाकट माणसाला अडकल्यासारखं. म्हणून आधीच ठरवा.

किरकोळ दुखणं असेल तर दोघांनी थांबायचं. आठ-दहा दिवस एका आश्रमात राहिल्यानं परिक्रमा खंडित होत नाही. दुखणं लांबणारं असेल तर दोन वाटा. दोघांनी तिथेच थांबून खंड परिक्रमा मानायची, आणि पुढच्या कार्तिकात त्याच घाटावरून उचलायची. किंवा एकानं चालत राहायचं आणि दुसऱ्यानं त्याच तटानं, नदी न ओलांडता, वाहनानं पुढे जाऊन मुक्कामाला भेटायचं. वाहनानं परिक्रमा करणारेही हजारो आहेत, त्यात कमीपणा नाही. दुसरी वाट निवडाल तर ती आजारी माणसानं निवडलेली असावी. ‘तू जा बसनं’ असं चालणाऱ्यानं सुचवू नये. हृदयाचं, मेंदूचं, श्वासाचं काही असेल तर यातलं काहीच नाही. सरळ जवळच्या मोठ्या शहरातलं इस्पितळ, मग त्यासाठी नदी ओलांडावी लागली तरी. मैया रागावेल ही भीती त्या वेळी मनात येते. कुठल्याही आईला लेकराचा जीव आधी.

आणि दोघांपैकी एकाला मुळातच जायचं नसेल तर? मग जोडीनं जाऊ नका. बायको एकटी जाणार नाही म्हणून नवरा ओढून नेलेला, किंवा नवऱ्याची काळजी वाटते म्हणून बायको मागे निघालेली, अशी जोडपी झाडीच्या आधीच परततात. एकानं जावं, दुसऱ्यानं मनापासून निरोप द्यावा आणि अमरकंटकला येऊन भेटावं.

अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे. मार्चमध्येही रात्री गारठा असतो, तेव्हा लोकरीचे कपडे पार्सलनं घरी परत पाठवण्याची घाई त्याआधी करू नका. तिथे माई की बगियाला वळसा घालून दक्षिण तट धरला की पुढे ऊन वाढत जातं. पहाटे चारला निघून दहापर्यंत चालणं आटोपा, दुपार झाडाखाली काढा, उरलेले चार-पाच किलोमीटर ऊन कलल्यावर.

ओंकारेश्वरला पोचल्यावर जल अर्पण करायचं, कन्याभोजन घालायचं, शिऱ्याची कढाई करायची. त्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवा. परतीचं खंडव्याहून किंवा इंदूरहून आरक्षण त्यानंतरचं काढा, आणि घरी पोचल्यावर पहिले आठ दिवस पाहुणे बोलावू नका. इतके महिने चाललेले पाय एकदम थांबले की सुजतात, झोप पहाटे तीनलाच उडते. रोज सकाळी दोघांनी मिळून पाच-सहा किलोमीटर चालत राहा आणि पंधरवड्यानं डॉक्टरांकडे जाऊन निघण्याआधीच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करून घ्या.